बॅटरीचा झोत लांब कशामुळे जातो? वॅट बघू नका, डोकं बघा



थ्री फेज लाईट रात्रीची असली की पाणी द्यायलाही रात्रीच जावं लागतं. मांजरी, वाघोली ही गावं २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण विहिरीपासून शेवटच्या सरीपर्यंतचा अंधार आहे तिथंच आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरकडच्या सभासदांना उसाच्या कडेनं चालताना बिबट्या डोक्यात ठेवूनच चालावं लागतं. आणि हा प्रश्न आता फक्त तिकडचा राहिलेला नाही. २०२५ मध्ये लोहगाव विमानतळाच्या आवारातसुद्धा बिबट्या दिसला होता. त्यामुळे 'लांब फोकस मारणारी बॅटरी कोणती घ्यावी' हा प्रश्न सारखा विचारला जातो. त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो. मेसेज मोठा आहे, सवडीनं वाचा. दुकानात जाण्याआधी मात्र नक्की वाचा.

मार्केट यार्डात माल उतरवून झाला की पुष्कळजण बुधवार पेठेत जातात. तापकीर गल्लीत विजेचं सामान, पासोड्या विठोबाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिकचे सुटे भाग. दुकानदार पुढ्यात पाच-सहा बॅटऱ्या मांडतो. कुठल्या खोक्यावर मोठा वॅटचा आकडा, कुठल्यावर लुमेनचा, कुठल्यावर 'दोन किलोमीटर'. पैकी वॅट सांगतो बॅटरी सेल किती खाते. लुमेन सांगतो एकूण उजेड किती पडतो. तो उजेड एका जागी किती गोळा होतो हे या दोघांपैकी कोणीच सांगत नाही. झोत लांब जाणं हे त्या गोळा होण्यावर असतं. त्याचं माप वेगळं, त्याला कॅन्डेला म्हणतात.

*लुमेन आणि कॅन्डेला*

मोटर तासाला किती लिटर पाणी टाकते तो झाला लुमेन. पाइपच्या तोंडातून ते पाणी एका दिशेला किती नेटानं जातं तो कॅन्डेला. तीच मोटर, तेच पाणी, पण स्प्रिंकलर लावला तर सगळीकडं भुरभुर आणि नोझल लावलं तर लांब धार. इथपर्यंत उदाहरण बरोबर बसतं. पुढं मात्र उलटं होतं. पाण्याची धार लांब न्यायला तोंड बारीक करावं लागतं, आणि उजेडाचा झोत लांब न्यायला तोंड मोठं करावं लागतं. बॅटरी घेताना सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. लहान डोक्याची, हातात मावणारी बॅटरी बघून वाटतं की बारीक तोंड आहे, उजेड नेमका जाईल. तसं होत नाही.

का होत नाही, हे समजायला नारायणगावजवळच्या खोडदला चला. जीएमआरटीच्या दुर्बिणी आपल्यातल्या बऱ्याच जणांनी रस्त्यावरून पाहिल्या असतील. एकूण ३० छत्र्या, प्रत्येक ४५ मीटर रुंद. प्रत्येक छत्रीच्या पुढे चार पायांवर एक यंत्र उभं केलेलं दिसतं. आकाशातून सरळ येणाऱ्या लहरी छत्रीवर आपटतात आणि बरोबर त्या एका बिंदूवर गोळा होतात. घरावरच्या डिश टीव्हीच्या छत्रीचंही तेच तत्त्व. बॅटरीतली चकचकीत वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, ही तशीच छत्री आहे, फक्त काम उलटं. त्या बिंदूवर दिवा ठेवला की उजेड वाटीवर आपटून सरळ, एकमेकांना समांतर बाहेर पडतो.

पण हे बरोबर जमायला दिवा टाचणीच्या टोकाएवढा पाहिजे. एलईडी तेवढा नसतो. त्याच्या मधोमध जो पिवळा ठिपका दिसतो, तो एखाद्या मिलिमीटरपासून साडेतीन मिलिमीटर, काहींत त्याहूनही रुंद असतो. ठिपक्याच्या बरोबर मध्यातून निघालेला उजेड सरळ जातो, कडेचा थोडा तिरका जातो. हा तिरकेपणा म्हणजेच झोताचं फाकणं. वाटी मोठी असेल तर तिच्या मानानं ठिपका लहान ठरतो आणि झोत कमी फाकतो. वाटी लहान आणि ठिपका मोठा असेल तर झोत फाकणारच, वर कितीही वॅट लिहिलेले असोत.

म्हणून दुकानात पहिल्या दोन गोष्टी बघायच्या: बॅटरीचं डोकं किती रुंद आहे आणि आतला पिवळा ठिपका किती बारीक आहे. बाकी सगळं त्यानंतर.

*थोडं गणित*

एलईडी तोच ठेवून वाटीची रुंदी दुप्पट केली, समजा ३० मिलिमीटरची ६० मिलिमीटर केली, तर वाटीचं क्षेत्र चौपट होतं आणि कॅन्डेलाही साधारण चौपट होतो. कॅन्डेला चौपट झाला की झोताचं अंतर दुप्पट. म्हणजे ३० ची वाटी १०० मीटर दाखवत असेल, तर ६० ची २०० मीटर दाखवेल, आणि सेल तेवढेच लागतील.

आता वाटी तीच ठेवून एलईडीतून दुप्पट करंट सोडला आणि लुमेन दुप्पट झाले असं धरू. कॅन्डेला दुप्पट होतो, पण अंतर १०० मीटरचं १४० च्या आसपासच जातं. सेल मात्र अर्ध्या वेळात उतरतात आणि बॅटरी तापते ती वेगळीच.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. त्याच वाटीत तेवढ्याच तेजाचा, पण चौपट क्षेत्राचा मोठा एलईडी बसवला. लुमेन चौपट झाले. खोक्यावरचा आकडा चौपट झाला. अंतर? जवळजवळ तेवढंच. फक्त मधला गोळा रुंद झाला. अंगणात लावून बघितलं तर 'काय उजेड आहे' असं वाटतं, आणि शेतात गेल्यावर पलीकडचा बांध दिसत नाही. पैसे गेले ते आकड्यासाठी.

चांगल्या कंपनीच्या खोक्यावर अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. ते कसं काढतात तेही माहीत असू द्या. ज्या अंतरावर उजेड फक्त पाव लक्स उरतो, ते अंतर छापतात. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. ३०० मीटर लांबच्या वस्तूवर चांदण्याएवढा उजेड पडला तर तिथं काहीतरी आहे इतकंच कळेल, कुत्रं आहे की दुसरं काही ते कळणार नाही. त्यामुळे छापलेल्या अंतराच्या निम्म्याहून कमी अंतर आपल्या कामाचं समजावं. 'दोन किलोमीटर' लिहिलेल्या स्वस्त बॅटरीबद्दल काय बोलावं! त्या अंतराला दहा लाख कॅन्डेला लागतात. तळहाताएवढ्या बॅटरीत ते येत नाहीत.

आपल्याला किती पाहिजे? एक एकर चौकोनी धरली तर तिची बाजू साधारण ६४ मीटर येते. दोन एकर लांब रानाचं पलीकडचं टोक म्हणजे १२८ मीटर. तेवढं नीट दिसायला छापील अंतर ३०० मीटरच्या आसपास हवं, म्हणजे सुमारे साडेबावीस हजार कॅन्डेला. अशी बॅटरी ६४ मीटरवर साडेपाच लक्स देते आणि १२८ मीटरवर सव्वा ते दीड लक्स. दांडातून पाणी फुटलंय का, विहिरीवर कोण आहे, कडेला डुकरं आली आहेत का, एवढं कळायला हे पुरतं. यापेक्षा लांब झोत हौसेला ठीक आहे. पुढं वाढवलेल्या प्रत्येक मीटरला डोकं आणि वजन दोन्ही वाढतं, आणि ते रात्रभर आपल्याच हातात असतं.

*जुन्या बॅटरीत एलईडी बल्ब बसवला तर*

बऱ्याच घरांत तीन सेलची जुनी पत्र्याची बॅटरी अजून आहे. तिचा झोत खरोखर चांगला होता. बल्बमधली तार बारीक, आणि तिचा उजेड चारी बाजूंना पडायचा, त्यामुळे वाटीला भरपूर उजेड मिळायचा. काहींचं डोकं फिरवून फोकस जुळवताही यायचा. आता त्याच बल्बच्या जागी बसणारा एलईडी बल्ब वीस-तीस रुपयांत मिळतो. तो बसवला की उजेड पांढरा आणि जास्त दिसतो, पण झोत जातो. कारण एलईडी उजेड मागे टाकतच नाही, पुढे आणि थोडा बाजूला टाकतो. जुनी वाटी ज्या तारेसाठी केली होती त्या जागेवर एलईडीचा ठिपका येतही नाही. बराच उजेड वाटीला न शिवता सरळ बाहेर जातो आणि पसरतो. अशी बॅटरी गोठ्यात, घरात वापरायला छान. लांबच्या कामाला तिच्यावर पैसे घालू नयेत.

एलईडीसाठी केलेली वाटी म्हणून खोल असते. खोल वाटी बाजूला जाणारा उजेड जास्त पकडते आणि कडेचा पसरट उजेड आवरते. उथळ वाटीत कडेचा उजेड ऐसपैस पडतो. पण लक्षात घ्या, खोली वाढवल्यानं अंतर फारसं वाढत नाही, ते रुंदीवरच राहतं. खोल पण अरुंद अशी बोगद्यासारखी वाटी दाखवून कोणी 'लाँग रेंज' म्हणालं तर मान हलवा आणि पुढची बघा.

वाटीचा पृष्ठभागही बघा. एक आरशासारखा गुळगुळीत असतो, दुसरा संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत. गुळगुळीत वाटीनं झोत जास्त लांब जातो, पण भिंतीवर कडी, सावल्या, डाग दिसतात. खडबडीत वाटी ते सगळं मिसळून टाकते, उजेड डोळ्याला मऊ वाटतो, अंतर थोडं कमी होतं. आपल्याला लांबचं बघायचंय, तेव्हा गुळगुळीत घ्यावी. भिंतीवर दिसणारी कडी शेतात दिसत नाहीत, त्यावरून बॅटरी नापास करू नका.

*लेन्सवाल्या बॅटऱ्या*

वाटीच्या जागी जाड पारदर्शक प्लास्टिकचा शंकूसारखा तुकडा असेल तर ती टीआयआर लेन्स. मधला उजेड तिचं भिंग सरळ करतं, बाजूचा उजेड तिच्याच आतल्या उतारावर परतून पुढे येतो. एलईडीचा बहुतेक उजेड कामाला लागतो, ही तिची खरी ताकद. पासोड्या विठोबाकडं या लेन्स सुट्या मिळतात आणि त्या अंशांवर विकतात: ५, १०, ३०, ६०. अंश कमी तेवढा झोत नेमका. १० अंशांची लेन्स ५० मीटरवर साधारण पावणेनऊ मीटर रुंद गोळा पाडते. ५ अंशांची सव्वाचार-साडेचार मीटरचा. ६० अंशांची त्याच अंतरावर जवळपास ५८ मीटरवर फाकते, म्हणजे लांबच्या कामाला गेलीच. मात्र लिहिलेले अंश एका ठरावीक एलईडीसाठी असतात. लहान ठिपक्यासाठी केलेली १० अंशांची लेन्स मोठ्या ठिपक्यावर बसवली तर १० अंश राहत नाहीत. आणि यातल्या नेहमी मिळणाऱ्या लेन्स २० मिलिमीटरच्या आसपास असतात. एवढ्या तोंडातून शंभर मीटरच्या पुढची अपेक्षा धरू नये. डोक्याला बांधायच्या बॅटरीत ही लेन्स उत्तम.

झूमची बॅटरी, म्हणजे पुढचं डोकं ओढलं की गोळा लहान होतो ती, सध्या फार खपते. तिच्यात वाटी नसते, फुगीर भिंग असतं. पूर्ण ओढल्यावर भिंतीवर पिवळसर चौकोन दिसतो. तो एलईडीच्या ठिपक्याचाच फोटो समजा. झोत नेमका होतो हे खरं. पण भिंग लांब गेल्यावर बाजूचा उजेड भिंगावर पडतच नाही, आतल्या नळकांड्यावर वाया जातो, बरेचदा निम्म्याहून जास्त. दुसरं म्हणजे सरकणाऱ्या नळीतून पाणी आणि धूळ आत जाते. रात्री पाणी धरताना हात ओले, चिखलाचे. अशी बॅटरी एक पावसाळा काढेल याची खात्री मी देणार नाही. तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, पण ते पुढं सांगतो.

तीन-चार एलईडी आणि प्रत्येकाला छोटी वाटी, अशा बॅटऱ्याही असतात. २५ मिलिमीटरच्या तीन वाट्यांचं मिळून क्षेत्र ६० मिलिमीटरच्या एका वाटीच्या निम्मंच भरतं. दिसायला भारी, अंतराला कमी. आणि ज्यात सगळी चकतीच पिवळी दिसते, ती सीओबी पट्टी, तिचा ठिपका इतका मोठा असतो की तिच्यापासून झोत होणं शक्यच नाही. ती पॅकिंग शेडमध्ये, गाडी भरताना वापरावी.

एलईडीवर छोटा काचेसारखा घुमट असतो. तो असला की ठिपका आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, भिंगातून अक्षर मोठं दिसतं तसा. सपाट, बिनघुमटाच्या एलईडीचा ठिपका आहे तेवढाच दिसतो, म्हणून त्याच वाटीत त्याचा झोत जास्त नेमका पडतो. लांबच्या झोतासाठी बनवलेल्या बॅटऱ्यांत बहुधा सपाट एलईडी असतो. बॅटरी बंद असताना आत डोकावून हे बघता येतं. चालू असताना आत बघू नका, डोळ्याला इजा होते. लहान पोरांच्या हातात अशी बॅटरी देऊ नये ती याच कारणानं.

*दुकानात कशी तपासायची*

दुकानाच्या काउंटरवरून समोरच्या भिंतीवर उजेड मारून काही कळत नाही. किमान पाच मीटर अंतर पाहिजे. गल्लीतल्या अंधाऱ्या जिन्यात किंवा गोडाऊनच्या बोळात मारून बघू द्या म्हणावं. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. मधला गोळा लख्ख आणि गोल पाहिजे. गोळ्याच्या मधोमध काळा खळगा दिसला, मेदूवड्यासारखा, तर एलईडी वाटीच्या बिंदूवर बसलेला नाही. गोळा एका बाजूला झुकलेला असेल तर एलईडी मध्यावर नाही. दोन्ही बॅटऱ्या परत करा.

मोबाईलवर लक्स मोजायचं ॲप फुकट मिळतं. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याशेजारी उजेड ओळखणारा सेन्सर असतो, तेच तो वापरतो. अंधाऱ्या खोलीत फोनची काच बॅटरीकडं करून पाच मीटरवर धरा, गोळ्याचा मध्य सेन्सरवर आणा, सगळ्यात मोठा आकडा बघा आणि त्याला २५ नं गुणा. आला कॅन्डेला. त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की छापील अंतर. उदाहरण: पाच मीटरवर ९०० लक्स आले. ९०० गुणिले २५ म्हणजे २२,५००. वर्गमूळ १५०. दुप्पट ३०० मीटर. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेचा नसतो, आकडा पुढंमागं होतो. पण एकाच फोननं दोन बॅटऱ्या मोजल्या तर कोणती लांब जाते ते बिनचूक कळतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय. चालू केल्या केल्या आणि तीन मिनिटांनी, असं दोनदा मोजा. पुष्कळ बॅटऱ्या पहिल्या मिनिटात भडक असतात आणि तापल्या की उतरतात.

सेलचं एका वाक्यात: १८६५० आकाराच्या लिथियम सेलची खरी क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास संपते, त्यावर ९,८०० लिहिलेलं असेल तर तो सेल हातात धरू नका.

हातानं दुरुस्ती करणाऱ्यांसाठी थोडं. वाटी बदलताना रुंदी, उंची आणि खालचं भोक हे तिन्ही जुळलं पाहिजे. वाटी ॲल्युमिनियमची असेल तर ती एलईडीच्या दोन्ही टाक्यांना टेकता कामा नये, नाहीतर शॉर्ट होईल. त्यासाठी मध्ये प्लास्टिकची पांढरी चकती येते, ती फेकू नका. एलईडी मध्यावर धरायचं कामही तीच करते. काळा खळगा दिसत असेल तर वाटीखाली कागदाची पातळ चकती घालून उंची थोडी थोडी बदलून बघा. अर्ध्या मिलिमीटरनंही फरक पडतो. वाटीला आतून बोट किंवा फडकं अजिबात लावू नका. आतला चांदीसारखा थर फार पातळ असतो, पुसला की निघतो. धूळ फुंकूनच काढा. पुढची काच मात्र पुसलीच पाहिजे. वाळलेल्या चिखलाचा एक शिंतोडा झोत फाकवतो. साधी काच सुमारे ८ टक्के उजेड परत फिरवते. जांभळट-निळसर झाक असलेली लेपाची काच त्यातला बराच वाचवते. मिळाली तर घ्यावी.

*पायाखालचा उजेड*

आता ते राहिलेलं तिसरं कारण. नेमका झोत म्हणजे जवळचा अंधार. सगळा उजेड शंभर मीटरवर गेला की पायाजवळ काहीच उरत नाही, आणि लख्ख गोळ्याकडं बघून डोळे दिपलेले असल्यानं पायाजवळचं आणखीच दिसत नाही. घोणस मातीच्या रंगात मिसळून वाटेवर पडलेली असते, मण्यार रात्रीच फिरते. बिबट्याच्या भीतीनं लांबचा झोत घ्यावा आणि पाय सापावर पडावा, असं व्हायला नको. वाटीच्या बॅटरीत झोताभोवती फिका पसरट उजेड पडतो, त्यात निदान पुढची दोन पावलं दिसतात. झूम ओढलेल्या बॅटरीत तेही दिसत नाही. म्हणून शेतासाठी माझं मत वाटीच्या बाजूनं आहे.

त्याहून चांगलं म्हणजे दोन दिवे. एक ६० अंशांच्या आसपासचा पसरट, कमरेला किंवा छातीला लावलेला, कायम चालू, पायाच्या पुढे पडणारा. हा फार भडक नको. थोडा पिवळसर आणि रंग खरे दाखवणारा असला तर बरं, कारण निळसर पांढऱ्या उजेडात माती आणि साप एकाच रंगाचे वाटतात. दुसरा झोताचा, हातात, लागेल तेव्हाच लावायचा. दोन्ही मिळूनही एका 'सुपर पॉवर' बॅटरीएवढाच खर्च येतो. आणि पायात गमबूट. दिव्यानं गमबुटाचं काम होत नाही.

झोताची बॅटरी धरायची कुठं, यालाही अर्थ आहे. बिबट्या, कोल्हा, मांजर यांच्या डोळ्यांच्या मागे चमकणारा पडदा असतो, तो उजेड आला त्याच दिशेला परत पाठवतो. म्हणून उसाच्या कडेला डोळे चमकतात का हे बघायचं असेल तर बॅटरी आपल्या डोळ्यांशेजारी, कानशिलाजवळ धरा. कमरेशी धरलेल्या बॅटरीत तीच चमक आपल्याला फिकी दिसते किंवा दिसतच नाही. सापाचे डोळे असे चमकत नाहीत, त्यामुळे सापासाठी ही युक्ती नाही. थंडीत पाणी दिलेल्या रानावर धुकं उतरलं की मात्र उलटं करा. डोळ्यांशेजारचा दिवा धुक्यावर आपटून सगळा पांढरा पडदा करतो. डोक्याची बॅटरी बंद करा आणि हातातली कमरेच्या खाली धरा. धुक्यात पसरट उजेडापेक्षा नेमका झोत बरा चालतो.

डोळे चमकले तर झोत तिकडं ठेवून उभ्यानंच, मोठ्यानं बोलत मागे या. पळू नका, वाकू नका, बसू नका. झोत लांबचा आहे म्हणून पाठलाग करत बघायला जाऊ नका, पिल्लं दिसली तरी जवळ जाऊ नका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, फोनमध्ये आजच सेव्ह करून ठेवा. आणि बांधाकडं झोत मारताना रस्त्यावरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा, २०,००० कॅन्डेलात समोरच्याला काही क्षण काहीच दिसत नाही.

घरी बॅटरी आहे आणि तिचा झोत बरोबर आहे का अशी शंका असेल, तर पाच मीटरवरून भिंतीवर मारलेल्या गोळ्याचा फोटो आणि बॅटरी बंद करून पुढून काढलेला डोक्याचा फोटो, असे दोन फोटो याच नंबरवर पाठवा. वाटीची रुंदी पट्टीनं मोजून मिलिमीटरमध्ये लिहा, सेल कोणता आहे तेही लिहा.

— सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी